ओले फडके

मोटारीच्या एंजिनावर मी लेख लिहावा, याचे माझ्या परिचितांना नवल वाटल्यावाचून राहणार नाही. माझी सारी नोकरी हिशेबतपासणीत गेली. गाडी चालवावयास मी कधी शिकलो नाही, आणि पाना व पक्कड यांतील भेद मला तिशी उलटल्यावर कळला. परंतु केंद्र सरकारच्या चाकरीत माणसाला कोणते शास्त्र केव्हा शिकावे लागेल याचा नेम नसतो. कुणाला बंगालमध्ये तागाच्या प्रती ओळखाव्या लागतात, कुणाला आसामात चहाच्या पेट्या मोजाव्या लागतात. मला राजस्थानात, एका ड्रायव्हरच्या वेतनवाढीपायी, मोटारीच्या इनलेट मॅनिफोल्डभोवतीची उष्णता कशी आवरावी या प्रश्नाचा अभ्यास करावा लागला. तो मी हौसेने आरंभिला असे म्हणता येणार नाही. परंतु त्याची गोडी लागली, आणि पंचेचाळीसहून अधिक वर्षे लोटली तरी ती सुटलेली नाही.

१९७८ साली मी जोधपूरला होतो. आमच्या कार्यालयाला एक अँबॅसडर गाडी होती. या अंकाच्या वाचकांत असे फार थोडे असतील, की ज्यांच्या आयुष्यातील बरेच तास अँबॅसडरच्या मागच्या आसनावर गेले नाहीत. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत ती गाडी कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास तयार होत असे. एका पिढीचा सेवाप्रवेश आणि दुसरीची निवृत्ती अशा दोन्ही गोष्टी तिने पाहिल्या. आमच्या गाडीचे एंजिन मूळ इंग्रजी घडणीचे, चार सिलिंडरांचे, १,४८९ घनसेंटिमीटरचे होते. इंग्लंडच्या ओलसर, थंड हवेत ज्याचा जन्म झाला, त्या एंजिनाची नेमणूक मारवाडात झाली होती. याच मारवाडात फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तपमान नोंदले गेले. आमच्या वेळी पारा इतका चढला नसेल, परंतु जूनमधील दुपारी पंचेचाळीसचा आकडा पाहून तेथे कुणी भुवई उंचावीत नसे.

गाडीचे सारथी एक वयस्क गृहस्थ होते. त्यांना सगळे उस्तादजी म्हणत, आणि मीही तसेच म्हणतो. निवृत्तीला त्यांची दोन वर्षे उरली होती.

प्रकरण थोडक्यात असे. वरिष्ठ कार्यालयातून आलेल्या एका साहेबांना घेऊन उस्तादजी जोधपूरहून पोखरणमार्गे जैसलमेरला निघाले होते. वाटेत पुढे लष्करी ट्रकांची लांबच लांब रांग लागली, आणि गाडीला तिच्यामागून रखडत जावे लागले. पुढे रेल्वेचे फाटक बंद मिळाले. तेथे एंजिन बंद करण्यात आले. (वाचकहो, सरकारी मराठीतील कर्मणि प्रयोगाचे मोल अशा वेळी कळते.) बारा-पंधरा मिनिटांनी फाटक उघडले, आणि गाडी काही केल्या सुरू होईना. स्टार्टर पुनःपुन्हा ओढण्यात आला. त्यात बॅटरी उतरली. अडीच तास साहेब एका खेजडीच्या विरळ सावलीत बसून होते. अखेर लष्कराच्याच एका ट्रकाने गाडी ढकलून सुरू करून दिली. जैसलमेरची बैठक तोवर आटोपली होती.

आठ दिवसांनी उस्तादजींवर दोषारोप आले. गाडीची निगा राखण्यात हलगर्जी केली. बॉनेटखाली ओल्या चिंध्या आणि डालड्याच्या डब्याचा पत्रा अशा अनधिकृत वस्तू बसविल्या. त्यामुळे गाडी तापून बंद पडली आणि सरकारी कामाचा खोळंबा झाला. १९६५ च्या शिस्तविषयक नियमांप्रमाणे वेतनवाढ रोखण्याची शिक्षा प्रस्तावित होती. ही शिक्षा नियमांत किरकोळ या सदरात येते. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील माणसाला ती किरकोळ नसते. वेतनाचा शेवटचा आकडा खाली आला की निवृत्तिवेतन खाली येते, आणि ते जन्मभर खालीच राहते. चौकशीचे काम माझ्याकडे आले. कार्यालयातील एका सहकाऱ्याने आपुलकीने सल्ला दिला, "चिंध्या सापडल्या आहेत, पत्रा सापडला आहे. दोन पानांत प्रकरण मिटवा."

माझी अडचण अशी झाली, की 'गाडी तापली' या दोन शब्दांचा अर्थच मला लागेना. हिशेबात 'खर्च झाला' एवढी नोंद कुणी केली, तर आपण विचारतो: कोणत्या शीर्षाखाली? येथेही तोच प्रश्न होता. रेडिएटरमधील पाणी उकळले असते तर निगा राखली नाही असे म्हणता आले असते. परंतु पाणी भरलेले होते आणि पाण्याच्या तपमानाचा काटा ठिकाणावर होता. साहेबांनीही तो पाहिला होता. मग तापले ते काय?

वाचनालयातून मी मोटारविषयक दोन पुस्तके आणली, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडू लागला तो जमाखर्चाच्या वाटेने. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा जेमतेम पाव हिस्सा अशा जुन्या एंजिनात चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेल्यापैकी मोठा वाटा धुराबरोबर बाहेर जातो आणि जवळजवळ तेवढाच पाण्याच्या व एंजिनाच्या अंगावाटे हवेत जातो. म्हणजे मोटार ही मुख्यतः एक शेगडी आहे, आणि प्रवास हे तिचे उपउत्पादन. धुराची वाट ज्या ओतीव नळ्यांतून जाते त्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे अंग चढावर किंवा भरधाव चालीत चार-पाचशे अंशांपर्यंत तापते. आणि बाहेरची हवा व पेट्रोल यांचे मिश्रण ज्या नळ्यांतून आत शिरते, तो इनलेट मॅनिफोल्ड, म्हणजे एका मनगटातून फुटलेला नळ्यांचा पंजा, या एंजिनात त्याच बाजूस, त्या धगधगत्या नळ्यांना खेटून बसविलेला असतो. त्याच्या माथ्यावर कार्ब्युरेटर, आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल.

हे प्रथम वाचले तेव्हा मला ही शुद्ध बेपर्वाई वाटली. चुलीच्या कडेला लोण्याचा गोळा कुणी ठेवतो काय? एंजिनाला थंड हवा हवी असते. वीस अंशांवर एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १,२०० ग्रॅम भरते. पंचेचाळीस अंशांवर १,११० ग्रॅम. सत्तर अंशांवर १,०३० ग्रॅमच्या आसपास. मॅनिफोल्डात शिरताना हवा जितकी तापेल तितकी ती विरळ होईल, सिलिंडरमध्ये तितका प्राणवायू कमी जाईल आणि तितकी ओढ कमी पडेल. शिवाय तापलेले मिश्रण वेळेआधी पेटू पाहते आणि चढावर एंजिन खटखटू लागते. मग ही शेजारनेमणूक केली कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर मला जोधपूरला मिळाले नाही. पुस्तकात ते होते, परंतु पुस्तकात असणे आणि मिळणे यांत अंतर आहे. ते पुढे सिमल्यास मिळाले, त्याविषयी नंतर सांगतो.

तूर्त माझ्यापुढे पेट्रोलाचा स्वभाव होता. पाणी शंभर अंशांवर उकळते हे आपण शाळेत शिकतो, आणि प्रत्येक द्रवाला असा एक ठराविक आकडा असावा अशी समजूत करून घेतो. पेट्रोल हा एक द्रव नव्हे. ते अनेक द्रवांचे संयुक्त कुटुंब आहे. त्यातील हलके सभासद पस्तीस-चाळीस अंशांनाच घर सोडू लागतात, आणि जड मंडळी दोनशे अंशांपर्यंत बसून राहतात. म्हणजे जोधपूरच्या जूनमध्ये पेट्रोल सावलीतसुद्धा उकळण्याच्या काठावर उभे असते. त्यातून त्या गाडीची टाकी पाठीमागे, आणि तेथून पेट्रोल ओढणारा पंप पुढे, एंजिनाच्याच अंगाला. एंजिन फिरते तसा त्या पंपाचा पडदा खाली-वर होतो आणि लांबवरून पेट्रोल शोषून घेतो. शोषताना नळीतील दाब कमी होतो; आणि दाब कमी झाला की द्रव आणखी लवकर उकळतो. नळीत एकदा वाफेचा बुडबुडा झाला, की पंपाची सारी मेहनत वाया जाते. पडदा ओढतो तेव्हा बुडबुडा फुगतो, दाबतो तेव्हा आकसतो, आणि पेट्रोल जागचे हालत नाही. पंप इमानाने काम करीत असतो; वर काहीच पोचत नाही. ही स्थिती कार्यालयीन वाचकांना अधिक उलगडून सांगावयास नको.

दुसरा प्रकार याहून फसवा. चालत्या गाडीत पंखा फिरत असतो, समोरून वारा येत असतो, आणि आत येणारे नवे पेट्रोल स्वतःच थोडा गारवा आणीत असते. एंजिन बंद होताच हे तिन्ही थांबतात. परंतु लोखंडाच्या पोटातील उष्णता थांबत नाही. ती बॉनेटखाली कोंडून वर चढू लागते, आणि कार्ब्युरेटर गाडी उभी राहिल्यानंतरच सर्वांत अधिक तापतो. वाटीतील पेट्रोल खदखदून मॅनिफोल्डात सांडते. मिश्रण इतके दाट होते की ठिणगीने पेट घेत नाही. तिकडे नळीत वाफ, इकडे नळ्यांत पूर. फाटकाजवळ हेच झाले होते.

आता उस्तादजींचा जबाब घ्यावयाचा होता. ते टोपी हातात घेऊन उभे राहिले. बसा म्हटले तरी बसेनात. "हुकम, इंजन बंद न करते तो गाड़ी चल जाती," एवढेच ते प्रथम म्हणाले. बंद का केले, असे विचारता ते गप्प राहिले. पेट्रोल वाचविण्यासाठी थांब्यावर एंजिन बंद करावे, असे परिपत्रक त्या काळी फिरत होते, आणि मागच्या आसनावरून त्याची आठवण करून देण्यात आली होती, हे मला दुसरीकडून कळले. उस्तादजींनी ते सांगितले नाही, आणि मीही खोदून विचारले नाही. फाटकाशी उभे असताना एंजिन संथ चालू ठेवावयाचे, बॉनेट वर करून ठेवावयाचे, असा त्यांचा शिरस्ता होता.

ओल्या चिंध्यांविषयी विचारले तेव्हा मात्र त्यांची जीभ सैल झाली. त्या चिंध्या नव्हत्याच. ते एका जुन्या धोतराचे नीट चौघडी घातलेले, दोऱ्याने बांधलेले फडके होते, आणि ते पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर व त्यातून निघणाऱ्या नळीवर घातलेले होते. दर वीस-पंचवीस मैलांवर बंपरला टांगलेल्या छागलीतून, म्हणजे कॅनव्हासच्या पाण्याच्या पिशवीतून, ते त्यावर पाणी शिंपीत. छागलीतील पाणी का गार राहते हे त्यांना ठाऊक होते, आणि जे पाण्याला लागू ते पेट्रोललाही लागू पडावे एवढाच त्यांचा तर्क होता. हा तर्क किती अचूक होता ते मी पुस्तकात ताडून पाहिले. मारवाडच्या कोरड्या हवेत, सावलीत टांगलेले ओले फडके भोवतालच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी थंड राहू शकते. एंजिनाशेजारी तेवढे साधणार नाही हे उघड आहे. तरी उकळण्याच्या काठावरच्या पेट्रोलाला पाच-सात अंशांचा उतारही पुरेसा असतो. हीच युक्ती मुंबईच्या दमट हवेत निम्मीही लागू पडणार नाही. म्हणजे ही त्या मुलखातच घडलेली विद्या होती. साहेबांच्या प्रवासात छागलीतील पाणी फाटकापूर्वीच संपले होते, आणि गाडीतील सुरई साहेबांची होती.

डालड्याच्या पत्र्याची कथा अशीच. उष्णता तीन वाटांनी जाते हे आपण शाळेत शिकतो. परंतु ते ज्ञान कधी उपयोगी पडेल अशी अपेक्षा आपण ठेवीत नाही. धातूला धातू चिकटून ती जाते, हवेबरोबर जाते, आणि मध्ये काहीही नसताना नुसत्या झळीनेही जाते. यातील तिसरी वाट तापलेल्या एक्झॉस्टच्या बाबतीत मोठी जबर असते. कारण झळ तपमानाच्या मानाने वाढत नाही, त्याहून फार वेगाने वाढते. अडीचशे अंशांवरील लोखंड जेवढी झळ फेकते, त्याच्या जवळजवळ पाच पट ते पाचशे अंशांवर फेकते. ही झळ अडविण्यासाठी जाड भिंत लागत नाही. मध्ये चकचकीत पत्र्याचा एक पडदा पुरे, मात्र त्याच्या दोन्ही अंगांना हवा खेळावयास जागा हवी. आमच्या गाडीचा मूळ पडदा केव्हाच गंजून गेला होता. उस्तादजींनी डालड्याचा डबा कापून, वरचा रंग खरवडून, राखेने घासून तो लखलखीत केला होता आणि कार्ब्युरेटर व एक्झॉस्ट यांच्यामध्ये बोटभर जागा सोडून बसविला होता. रंग का खरवडला, असे मी विचारले. ते म्हणाले, "काला तवा जल्दी तपता है, हुकम."

इतके सारे करूनही गाडी का अडली? आणि त्या उन्हाळ्यातच का? लॉगबुकात मार्चपूर्वीच्या दोन उन्हाळ्यांत अशी नोंद एकही नव्हती; मार्चनंतर मात्र ती तिसरी होती. मार्चमध्ये एका खाजगी कारखान्यात एंजिनाचे ओव्हरहॉल झाले होते. बिलाची मूळ प्रत मागवून घेतली. गॅस्केटे होती, रिंगा होत्या, व्हॉल्व्ह घासल्याची मजुरी होती. बिल नियमाप्रमाणे मंजूर झालेले होते, आणि त्यात वाईट असे काही नव्हते. वाईट होते ते बिलात नसलेले.

ते दाखविले उस्तादजींनीच. त्यांनी बॉनेट उघडून कार्ब्युरेटरच्या बुडाकडे बोट केले. ज्या दोन स्टडांवर कार्ब्युरेटर मॅनिफोल्डाशी आवळलेला असतो, त्यांच्यावर नटांच्या पलीकडे जवळजवळ अर्धा इंच आटे मोकळे दिसत होते, आणि त्यांवर जुन्या काळ्या मळीचा थर नव्हता. म्हणजे पूर्वी तेथे अर्धा इंच जाडीचे काहीतरी होते आणि ते गेले होते. ते होते बेकेलाइटचा ठोकळा. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांत धातूला धातू चिकटू नये, तापलेल्या मॅनिफोल्डाची उष्णता थेट पेट्रोलाच्या वाटीत चढू नये, म्हणून तो घालतात. ओव्हरहॉलमध्ये तो बहुधा तडकला, दुसरा मिळाला नाही, आणि त्याच्या जागी कागदाचे पातळ गॅस्केट घालून नट आवळले गेले. बाहेरून पाहणाऱ्याला काही उणे दिसले नसते. तीन वाटांपैकी झळीची वाट पत्र्याने अडली होती, हवेची वाट उघड्या बॉनेटने सुसह्य होत होती. आणि पहिली, सर्वांत सरळ वाट सताड उघडी पडली होती. हे आपण एप्रिलमध्येच तोंडी कळविले होते, असे उस्तादजी म्हणाले. तोंडी कळविलेल्या गोष्टीला कार्यालयात जावक क्रमांक नसतो.

अनुमान कागदावर मांडावयाचे तर पुरावा हवा. जोधपूरच्या मराठी मंडळींत एक शास्त्रज्ञ गृहस्थ होते; गणेशोत्सवाच्या वर्गणीपलीकडे आमचा संबंध नव्हता. त्यांनी प्रयोगशाळेतील एक थर्मामीटर दोन दिवसांसाठी दिला, आणि कुतूहलाने स्वतःही आले. आम्ही तो कार्ब्युरेटरच्या वाटीला बांधला आणि दुपारी मंडोरच्या रस्त्याने गाडी फिरवून आणली. थांबल्यावर पारा खाली येण्याऐवजी पंधरा-वीस मिनिटे चढतच राहिला, आणि वाटीतून खदखद ऐकू येऊ लागली. दुसऱ्या दिवशी बाजारातून आणलेला नवा ठोकळा बसवून, त्याच वेळी, त्याच रस्त्याने पुन्हा गेलो. पारा या खेपेसही चढला. परंतु कालच्या खुणेच्या पुष्कळ खाली थांबला, आणि गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. सुरू करतानाही एक रीत होती ती मी पाहून ठेवली. ॲक्सिलरेटर एकदाच पूर्ण दाबून धरावयाचा आणि मग स्टार्टर ओढावयाचा, म्हणजे साचलेले पेट्रोल भरपूर हवेने धुऊन निघते. तो पुनःपुन्हा दाबला, तर प्रत्येक दाबासरशी पेट्रोलाची आणखी एक चूळ आत पडते. घाईतील माणूस नेमके तेच करावयास सांगतो.

अहवाल अकरा पानांचा झाला. तो लिहिताना माझा हात काही ठिकाणी अडखळला, हे खरे. कारण ज्या बिलावर बोट जात होते ते ज्यांनी मंजूर केले होते, त्यांच्याच सहीने माझा गोपनीय अहवाल वर जाणार होता. मी कुणावर ठपका ठेवला नाही. ठोकळा नव्हता, तो कोणत्या तारखेनंतर नव्हता, आणि नसल्याचा परिणाम काय झाला, एवढेच मांडले. आणि ज्या वस्तूंना दोषारोपात अनधिकृत म्हटले होते, त्याच वस्तूंमुळे गाडी मार्चपासून जूनपर्यंत चालू शकली असा निष्कर्ष नोंदविला. दोषारोप दोन महिन्यांनी मागे घेण्यात आले. कारखान्याला पत्र गेले की नाही ते मला कळले नाही. माझ्या त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात 'तपशिलात अधिक शिरतात' असा शेरा पडला, असे पुढे कानावर आले. तो स्तुतीचा होता की कसे, यावर घरात दोन मते होती.

१९८१ मध्ये माझी सिमल्यास बदली झाली, आणि मागे राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर तेथे थंडीच्या पहिल्याच महिन्यात मिळाले. सिमला सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांशांहून थोडा अधिक. पाणीच तेथे त्र्याण्णव अंशांच्या आसपास उकळते. डाळ शिजविताना गृहिणींना याचा अनुभव येतो. पेट्रोलही तेथे अधिक उतावीळ असते, आणि म्हणून काल्क्याहून उन्हाळ्यात चढणाऱ्या गाड्या वळणावळणांवर बॉनेट उघडून उभ्या दिसत. परंतु डिसेंबरच्या सकाळी चित्र उलटे होई. पेट्रोलाची वाफ व्हावयाची तर तिला उष्णता लागते, आणि ती भोवतालच्या हवेतून घेतली जाते. सारे पेट्रोल नळीतच वाफाळले, तर मिश्रण वीसेक अंशांनी थंड होऊ शकते. पाच-सहा अंशांची धुकट, ओलसर हवा अशा रीतीने गोठणबिंदूखाली जाते, आणि कार्ब्युरेटरच्या गळ्यात चक्क बर्फ धरतो. आमच्या तेथील ड्रायव्हरने एकदा एअरक्लीनर काढून मला तो दाखविला. झडपेच्या कडेला पांढरी किनार होती. बर्फ धरला नाही तरी पेट्रोलाचे थेंब थंड नळीच्या भिंतींना चिकटून ओघळत राहतात. एका सिलिंडरला पुरणपोळी आणि दुसऱ्याला उपास अशी वाटणी होते, आणि एंजिन कण्हत चालते.

म्हणून ती शेजारनेमणूक. धुराबरोबर वाया जाणाऱ्या उष्णतेतील थोडीशी इनलेट मॅनिफोल्डाच्या पोटाला मिळावी, थेंबांची वाफ व्हावी, बर्फ धरू नये, यासाठी त्या इंग्रज कारागिरांनी दोन्ही नळ्या एकत्र बसविल्या होत्या. त्यांना आपल्या देशातील सकाळ दिसत होती, आपली दुपार दिसत नव्हती. ज्या उष्णतेला मी जोधपूरला गैरखर्च म्हणत होतो, तिच्यासाठी सिमल्यात ड्रायव्हर रेडिएटरपुढे पुठ्ठा बांधीत, आणि एंजिन गरम होईतो साहेबांना ताटकळत ठेवीत. एकाच गाडीला एका बदलीत ठोकळा हवा आणि दुसऱ्या बदलीत पुठ्ठा. जोधपूरचा अहवाल मला पुन्हा लिहावा लागता, तर निष्कर्ष तोच राहिला असता; परंतु 'मूळ रचनेतील दोष' असे जे एक वाक्य मी प्रथम लिहून, पुरावा नाही म्हणून खोडले होते, ते खोडल्याचे समाधान मला सिमल्यात लाभले.

उष्णता आवरण्याचा एक अघोरी उपायही मी पाहिला. काही हौशी लोक एक्झॉस्टच्या नळ्यांनाच ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळीत. बॉनेटखाली थंडावा येई, यात शंका नाही. परंतु कोंडलेल्या उष्णतेने ती नळीच अधिक तापे, पावसाळ्यात गुंडाळीत पाणी मुरे, आणि एक-दोन वर्षांत लोखंड तडके किंवा सडून जाई. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात जाऊन काय करतात हे आता सर्वश्रुत आहे. त्या काळी कारखान्यातील पोरे ती दोरी दातांनी तोडताना मी पाहिली आहेत.

आताच्या गाड्यांत हा सारा संसार मोडला आहे. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसतसा कार्ब्युरेटर नाहीसा झाला. पंप टाकीतच बुडवून ठेवतात; तो शोषीत नाही, ढकलतो, आणि साधारण तीन वातावरणांच्या दाबाखाली पेट्रोलाला नळीत उकळण्याची मुभाच राहत नाही. फवारा थेट व्हॉल्व्हच्या तोंडाशी मारला जातो, त्यामुळे लांबलचक नळ्यांना ऊब देण्याचे कारण उरले नाही. इनलेट मॅनिफोल्ड पुष्कळदा एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूस असतो आणि तो चक्क प्लास्टिकचा, काचेच्या तंतूंनी बळकट केलेल्या नायलॉनचा असतो. टर्बो असेल तर मात्र धुराच्या जोरावर हवा दाबताना ती पुन्हा तापते, आणि तिला निववावयास एक वेगळे रेडिएटर लागते. पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यावरील वादात मला गोडी नाही. परंतु वाफ होताना इथेनॉल त्याच वजनाच्या पेट्रोलाच्या अडीच पट उष्णता ओढून घेते, हे वाचले तेव्हा जोधपूरच्या फडक्याची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. चौकशी अहवालात डालड्याच्या पत्र्याचा उल्लेख 'आवश्यक भाग' असा झाल्यामुळे भांडारपालांपुढे पेच पडला. आवश्यक भाग सरकारी गाडीवर आहे, आणि नोंदवहीत नाही, हे तपासणीत कसे चालावे? आम्हीच तपासणीवाले. अखेर जडसंग्रह नोंदवहीत एक ओळ वाढविण्यात आली: 'पत्रा, झळरोधक, नग १, किंमत निरंक.' १९८० मध्ये उस्तादजी निवृत्त झाले. ठरलेल्या दरातील एकही वेतनवाढ त्यांची बुडाली नव्हती. नव्या ड्रायव्हरच्या हाती त्यांनी किल्ल्या दिल्या, लॉगबुक दिले, पत्र्याबद्दल पावती घेतली. आणि फडके सरकारी नव्हते म्हणून ते सोडून, धुऊन, घरी नेले.